एडनाबाईंच्या घराची वरात

टोरोंटोच्या आमच्या मराठी मंडळात नवीन ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आयटी की बँक?" मी सांगायचे, "मी घरं हलवते." समोरचा समजूतदारपणे मान डोलवायचा. "हां, मूव्हर्स! ट्रक, खोकी वगैरे." मग मला सांगावं लागायचं की सामान नाही हो, घर. भिंती, छप्पर, जिना, खिडक्या, सगळं जसंच्या तसं उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायचं. तेवढ्यात आमचे हे मध्ये तोंड घालायचे. "लोक घर डोक्यावर घेतात, आमची ही चाकांवर घेते." हा विनोद मी निवृत्त होईपर्यंत त्यांनी केला, आणि निवृत्त झाल्यावरही सोडलेला नाही.

धंदा कसा चालतो ते थोडक्यात सांगते. घर पायावर बसलेलं असतं, चिकटलेलं नसतं, ही गोष्ट आधी पटवून घ्यायची. पायाच्या भिंतीला भोकं पाडून घराखालून लांबलचक पोलादी तुळया आरपार सरकवायच्या. त्यांच्याखाली जॅक लावायचे आणि सगळे जॅक एका वेळी, एका चालीने वर घ्यायचे. एक कोपरा जरी पुढे गेला तरी भिंत तडकते. घर जसजसं वर येईल तसतसे खाली लाकडी ठोकळे रचत जायचं, लहान मुलं मनोरा रचतात तसे. मग तुळयांखाली चाकांचे गाडे सरकवायचे, पुढे ट्रक जोडायचा आणि निघायचं. माणूस रमतगमत चालेल तेवढ्या वेगाने. माझं काम इंजिनिअरचं, म्हणजे घराचं वजन कुठून कुठे उतरतंय ते ओळखायचं आणि तुळई कुठे जाणार ते ठरवायचं. बाकी सगळं अर्लचं. अर्ल आमचा फोरमन, शेतकऱ्याचा मुलगा, बोलणं कमी आणि शंका जास्त. त्याने "हं" म्हटलं की समजायचं काम पक्कं, आणि "हंऽऽ" म्हटलं की पुन्हा मोजायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असायची. एका डेंटिस्टना घर थोडं तिरकं बसवून हवं होतं, कारण शेजारणीच्या खिडकीतून त्यांचा हॉट टब दिसायचा. एका गृहस्थांनी घर भर रस्त्यात असताना मला घाबऱ्याघुबऱ्या फोन केला, "मी ओव्हन बंद केला होता ना?" गॅस, वीज, पाणी सगळं तोडून महिना झाला होता. मी म्हटलं, "हो, केला होता." कधी कधी खरं बोलण्यापेक्षा उत्तर देणं महत्त्वाचं असतं.

पण दिवाळी अंकासाठी लिहायला बसले तेव्हा हात आपोआप वेदरबीकडे वळला.

टोरोंटोच्या उत्तरेला, रिचमंड हिलच्याही वर, जिथे आता एकसारख्या घरांच्या रांगा लागल्या आहेत, तिथे वेदरबी नावाचं गाव होतं. म्हणजे आहे, पण शोधावं लागतं. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरहून आलेल्या काही कुटुंबांनी दोन वाटा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे वस्ती केली आणि मागे सोडलेल्या गावाचंच नाव हिला दिलं. एका कोपऱ्यावर चर्च, समोर खाणावळ, तिसऱ्या कोपऱ्यावर लोहार आणि चौथ्यावर दुकान. शिवाय हिरवळीवर गोळे घरंगळवत खेळायचा त्यांचा तो संथ खेळ, लॉन बोलिंग, ज्यात माझ्या मते काहीच घडत नाही आणि त्यांच्या मते सगळं घडतं. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेपलची झाडं. युद्धावर गेलेल्या आणि परत न आलेल्या गावातल्या मुलांची. एका मुलासाठी एक झाड.

या लोकांशी बोलताना एक पथ्य पाळावं लागायचं. वेदरबीला टोरोंटोचं उपनगर म्हणायचं नाही. टोरोंटो आमच्या दारात येऊन बसलं, आम्ही कुठे गेलो नव्हतो, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटंही नव्हतं. आजूबाजूची शेतं एकेक करून विकली गेली, सफरचंदांची बाग तोडून तिथे घरं उभी राहिली आणि त्या रस्त्याला नाव दिलं ऑर्चर्ड क्रेसेंट. जे तोडायचं त्याचंच नाव पाटीवर लिहायचं, ही बिल्डर लोकांची श्राद्ध घालायची पद्धत असावी. त्या नव्या घरांत आपले लोक आले, चिनी आले, इराणी आले. गावाने मधल्या हद्दीवर देवदाराच्या जातीच्या झुडपांची हेज, म्हणजे दाट कुंपण, लावली. ती वाढून माणसाच्या डोक्यावर गेली. गावकरी पलीकडच्यांना "अप देअर" म्हणायचे, जसं काही ते हिमालयात राहतात. पलीकडचे गावाला काहीच म्हणायचे नाहीत. कित्येकांना तिथे गाव आहे हेच माहीत नव्हतं.

मी गावात पहिल्यांदा गेले ती लोहाराचं घर बघायला. ते हलवता येईल का, असा प्रश्न होता. मी तळघरात उतरले, तुळयांना स्क्रूड्रायव्हर लावला आणि तो लोण्यात शिरावा तसा आत गेला. नाही म्हणण्यावाचून इलाज नव्हता. घर पाडलं, आता तिथे औषधांचं दुकान आहे. माझं चुकलं नव्हतं, पण अजून त्या कोपऱ्यावरून जाताना मी दुसरीकडे बघते. त्या दिवसापासून गावात माझी ओळख "नाही म्हणणारी बाई" अशी झाली.

म्हणून काही काळाने मिस एडना व्हिटलॉक यांचा फोन आला तेव्हा मला नवल वाटलं. नव्वदीला टेकलेल्या, लग्न न केलेल्या, आवाज शाळामास्तरणीचा. होत्याच त्या शाळामास्तरीण. म्हणाल्या, "डिअर, तू नाही म्हणतेस असं ऐकलंय. निदान चहा पिऊन मग म्हण."

त्यांचं घर लाल विटांचं, आजोबांनी बांधलेलं. बसगाड्यांसाठी मुख्य रस्त्याला छेदणारा आडवा रस्ता रुंद होणार होता आणि नवा रस्ता त्यांच्या दिवाणखान्यातून जात होता. चर्चने आपल्या मागची मोकळी जागा देऊ केली होती. घर तिथे पोचलं तर वाचलं. मी तळघरात उतरले आणि स्क्रूड्रायव्हर लावला. तो आत गेला नाही. टणक ओकच्या तुळया, जशाच्या तशा. मला एवढा आनंद झाला की मी तिथेच अंधारात एकटी हसले.

वर आले तर बाई चहा ओतत होत्या. कप पुढे करत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "या वरच्या खोलीत मी जन्मले. माझी आईही तिथेच गेली. मला दुसरीकडे कुठे झोपायची सवय नाही आणि आता लावून घ्यायची इच्छा नाही. एवढंच."

मी म्हटलं, "हलेल घर."

हलेल खरं, पण जाणार कुठून? मुख्य रस्त्याने गेलं तर मेपलच्या फांद्या छाटाव्या लागणार होत्या, आणि त्या मुलांच्या झाडांना हात लावायला गाव तयार नव्हतं. एडनाबाई तर मुळीच नव्हत्या. त्यांतलं एक झाड त्यांच्या काकांचं होतं. मग राहिला एकच मार्ग. हेज मध्ये तोडायची, ऑर्चर्ड क्रेसेंटवर चढायचं आणि त्या वस्तीला वळसा घालून मागच्या बाजूने चर्चला उतरायचं. म्हणजे "अप देअर"च्या लोकांची मनधरणी करायची. तिथल्या गाड्या हलल्या पाहिजेत, बास्केटबॉलचे खांब हलले पाहिजेत, विजेच्या तारा उतरवायच्या म्हणजे अर्धा दिवस सगळ्यांचे दिवे बंद.

चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. गावकरी एका बाजूला बसले, क्रेसेंटवाले दुसऱ्या बाजूला, लग्नात मुलीकडचे आणि मुलाकडचे बसतात तसे. एडनाबाई उठल्या. "तुमची घरं होणार होती तेव्हा मी नगरपालिकेत जाऊन तुमच्याविरुद्ध बोलले होते," त्या म्हणाल्या. "चांगलं बोलले होते. आता माझं घर तुमच्या दारावरून जायचंय. मी विनंती करायला आले आहे."

क्रेसेंटवाल्यांच्या बाजूने मागून एक गृहस्थ उठले. मला वाटलं, आता जुनी उणीदुणी निघणार. ते म्हणाले, "मॅम, दॅट्स फाइन. फक्त कार्स कुठे पार्क करायच्या ते सांगा."

माझा जीव भांड्यात पडला. पहिल्यांदा. त्या कामात तो बऱ्याचदा पडायचा होता.

क्रेसेंटवरची सगळी जमवाजमव प्रज्ञा जगतापने अंगावर घेतली. मंडळातली ओळख. ती नि तिचा नवरा अमोल दोघेही सॉफ्टवेअरमध्ये. वळणावरच्या चढाला लागूनच त्यांचं घर. "वसुधाताई, डोंट वरी," ती म्हणाली. "ग्रुपवर मेसेज टाकलाय. सगळे कार्स अर्ली मॉर्निंग मूव्ह करतील. हूप्स गराजमध्ये. आणि आमच्या सासूबाई कराडहून आल्यात, त्या तर इतक्या एक्सायटेड आहेत की विचारू नका. घर चालत येणार हे त्यांना खरंच वाटत नाहीये."

दोन हजार अठराचा नोव्हेंबर, एक रविवार. परवानगी तेवढ्या दिवसापुरती. सोमवारपासून रस्त्याची यंत्रं लागणार होती आणि आमची पुढची परवानगी वसंतात. म्हणजे त्या दिवशी पोचलं नाही तर घराला उभं राहायला जागाच नव्हती. पहाटेच थर्मामीटर शून्याच्या बराच खाली गेला होता, पण रस्ते कोरडे होते. अर्ल आदल्या संध्याकाळी सगळा मार्ग पायी चालून आला होता. "हं," म्हणाला.

उजाडता उजाडता घर निघालं. विटांना पट्टे आवळलेले, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. पुढे पोलीस, मग ट्रक, मग घर, आणि घरामागून गाव. खरंच सगळं गाव चालत होतं, टोप्या, मफलर, हातात कॉफी. सर्वांत पुढे एडनाबाई, चर्चला जायचा कोट घालून. गाडीत बसा म्हटलं तर म्हणाल्या, "घर चालतंय, मी का बसू?" हेजमधल्या खिंडारातून घर पलीकडे गेलं. क्रेसेंटवर लोक दारादारांत उभे होते. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी व्हिडिओ काढत होतं. मी घराच्या बाजूने चालत होते, नजर विटांवर.

वळणाच्या चढावर ट्रक थांबला. मागची चाकं जागच्या जागी फिरली, आणि मग मी ती गोष्ट बघितली जी कुठल्याही इंजिनिअरने बघू नये. घर मागे आलं. अगदी थोडं, हातभरही नाही. पण रस्त्याच्या उताराकडे, तिरकं. मागच्या गाड्याचं चाक गटाराच्या कडेशी टेकलं आणि विटांमधून चुना भुरभुरला. आमची माणसं धावली, चाकांमागे ठोकळे घातले, घर थांबलं.

अर्ल खाली उतरला, वाकला आणि हाताने रस्ता चाचपला. रस्ता काचेसारखा चमकत होता. "हू द हेक वॉश्ड द रोड?" तो ओरडला.

मी पुढे गेले आणि बघितलं. चढाच्या मधोमध रांगोळी होती. मोठी, ठिपक्यांची, कमळांची, हळदीकुंकू वाहिलेली. आणि तिच्या चहूबाजूंना, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, सडा. नळाच्या पाण्याचा, मनापासून घातलेला, आणि त्या थंडीत पडल्या पडल्या गोठलेला.

कडेला जगताप आजी उभ्या होत्या. पातळावर मुलाचं विंटर जॅकेट, पायांत सुनेचे स्नीकर्स, एका हातात बादली, दुसऱ्यात पितळी तांब्या. चेहरा अभिमानाने फुललेला. मला मराठी बाई म्हणून ओळखून म्हणाल्या, "घर येतंय म्हणली न्हवं प्रज्ञा? मग दारावरनं जाणाऱ्याला कोरड्या रस्त्यावरनं न्यायचं व्हय? पहाटेच उठले. कुनाला सांगितलंच न्हाई."

तेवढ्यात प्रज्ञा धावत आली. "आई! पाणी? रस्त्यावर? ओ माय गॉड, आई, इट्स आइस!"

आजींनी रस्त्याकडे बघितलं, मग तिरक्या उभ्या घराकडे. हळूहळू त्यांना कळलं. बादली खाली ठेवली. "माझ्यामुळं झालं?" त्यांनी मला विचारलं. इतक्या बारीक आवाजात की मला खोटं बोलावंसं वाटलं. ओव्हनवाल्या गृहस्थांशी बोलले होते तसं. पण घर समोर तिरकं उभं होतं.

"मीठ," मी म्हटलं. "आजी, घरात रस्त्यावर टाकायचं मीठ आहे?"

अमोल केव्हाच गराजकडे पळाला होता. विंटर तोंडावर, प्रत्येक गराजमध्ये बर्फ वितळवायच्या मिठाची पोती येऊन पडलेली. प्रज्ञाने ग्रुपवर काय टाकलं कोण जाणे, पण शटर्स एकामागून एक वर जायला लागली. लोक पोती ओढत आले. कुणी वाळू आणली, कुणी मांजरीच्या शीसाठी ठेवतात ती भुशी आणली. सभेत पार्किंगचं विचारणारे गृहस्थ चपला-पायजम्यातच बाहेर येऊन मीठ पेरत होते. गावकरीही मागे राहिले नाहीत. बोलिंगच्या हिरवळीवर कुणाला पाय ठेवू न देणारे त्यांचे सेक्रेटरी हातमोजे काढून बर्फ खरवडायला लागले. आणि आजी! बादलीत मीठ घेऊन, तांब्याने, मनगटाला तोच झटका देत, सडा घालतात तसंच त्या रस्त्यावर मीठ घालत होत्या. स्वतःच्या रांगोळीवरही घातलं. ती बघता बघता विरघळून गेली.

मी तोवर भिंती तपासत होते. चुना गेला होता पोटमाळ्याजवळच्या एका सांध्यातला. विटा जागेवर. तुळया जागेवर. मी दोनदा बघितलं, मग अर्लला बघायला लावलं. रस्त्यावरून करकर आवाज यायला लागला होता, बर्फ फुटत होता. अर्लने बुटाची टाच रस्त्यावर घासून बघितली.

"हं," तो म्हणाला.

ट्रकने धूर सोडला. चाकांनी धरलं. घर हळूच सरळ झालं, कडेवरून निघालं आणि चढ चढून वर गेलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वर पोचल्यावर जो काय गलका झाला! मी कुणाच्या तरी ड्राइव्हवेवर मटकन खाली बसले आणि चक्क रडले. इतकी वर्षं नोकरी केली, पण सुटल्यासारखं तेवढं कधी वाटलं नाही.

डोळे पुसून बघते तर आजी एडनाबाईंपुढे हात जोडून उभ्या. डोळ्यांतून पाणी, तोंडाने मराठीतून माफी, जी एडनाबाईंना कळणं शक्य नव्हतं. एडनाबाईंनी मला हाक मारली. "डिअर, या बाईंनी नक्की काय केलं?"

मी सांगितलं. आमच्याकडे सकाळी दारापुढची जमीन पाणी शिंपडून स्वच्छ करतात, वर रांगोळी काढतात. कुणी मानाचं येणार असेल तर जास्तच. घर जाणार म्हणून त्यांनी रस्ता सजवला होता.

"घरासाठी?"

"घरासाठी."

एडनाबाईंनी मागे वळून बघितलं, हेजमधल्या खिंडाराकडे. मग म्हणाल्या, "आणि आम्ही यांच्यासाठी हेज लावली होती."

त्यांनी आजींचे जोडलेले हात आपल्या हातमोज्यांत धरले आणि पुढची सगळी वाट सोडलेच नाहीत. एक कराडची, एक वेदरबीची, घराच्या मागून चालत गेल्या. चर्चपाशी घर नव्या पायावर आलं तेव्हा आजींना राहवेना. प्रज्ञाकडून भाकरीचा तुकडा मागवून त्यांनी घरावरून ओवाळला आणि सवयीने तांब्याला हात घातला. "नो वॉटर!" अर्लपासून पोलिसापर्यंत सगळे एकदम ओरडले. आजी आधी दचकल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं हसू.

नळ, वीज, जिन्याच्या पायऱ्या असं सगळं होता होता एडनाबाई डिसेंबरात राहायला गेल्या. नवीन वर्षात मी सांध्यातला चुना बघायचं निमित्त काढून गेले. हेजमधलं खिंडार बुजवलेलं नव्हतं. बर्फात तिथून येण्याजाण्याची पाऊलवाट पडली होती.

बाईंनी चहा केला. मी विचारलं, झोप लागते ना? म्हणाल्या, "घर चर्चकडे तोंड करून बसवलंत, त्यामुळे सकाळचं ऊन आता दुसऱ्या खिडकीतून येतं. त्या खोलीत जन्मले, पण समोरची भिंत उजेडात मी पहिल्यांदा बघितली. तिच्यावर एक डाग आहे. मी लहानपणी केलेला असणार."

निघताना त्या दाराशी आल्या. "थांब, पायरी निसरडी आहे." दाराच्या आत, छत्र्यांच्या शेजारी, पितळी तांब्या होता. आजी कराडला परत जाताना देऊन गेल्या होत्या. बाईंनी तांब्यात हात घातला, मूठभर जाडं मीठ काढलं आणि माझ्या पुढे पायरीवर शिंपडलं, मनगटाला तसाच झटका देऊन.

मिठाने पितळ खराब होतं. मी इंजिनिअर आहे, हे सांगणं माझं कामच होतं. त्याऐवजी त्या मिठावर घट्ट पाय रोवून पायऱ्या उतरले.